पिंपळपानाचा डाय

“आई, एकच ठेव. बाकी सगळे आज भंगारात,” देवेशने ह्यांच्या डायची गोणी माझ्यापुढे उघडली. हे गेले, आता ह्यांच्या खोलीत उद्यापासून त्याचं कॉम्प्युटरवर डाय कोरणारं मशीन बसणार होतं.

ह्यांनी जन्मभर पोलादाच्या ठोकळ्यात, म्हणजे डायमध्ये, दागिन्यांची नक्षी कोरली. त्यावर सोन्याचा पत्रा ठेवून ठोकला की पान उठतं. त्या पानांनी कुठकुठल्या बायका नटल्या. माझ्या गळ्यात मात्र नुसती काळी पोत असायची.

मी पिंपळपानाचे दोन डाय बाजूला काढले. एक लग्नाच्या वर्षीचा, आरशासारखा. दुसरा शेवटचा, त्यातल्या शिरा ह्यांनीच कोरून, ह्यांनीच घासून पुसलेल्या.

नात भाविका ओट्यावर परीक्षेचं पाठ करत होती. ग्रीसच्या कुणा तत्त्ववेत्त्याचं. म्हणे जगातली सगळी पानं नकला. खरं पान एकच, ते कधी बदलत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही.

“मग त्या बाबाला कसं दिसलं?”

“बुद्धीने, आजी. पण पुढे त्यानेच स्वतःला आडवे प्रश्न विचारले. चिखलाचं, केसाचंही असं खरं रूप असतं का? नकलेत ते उतरतं कसं? आता विद्वान भांडतात, त्याचं मत बदललं की शेवटपर्यंत तेच राहिलं.”

“मेल्यावर भांडतायत! जिवंतपणी बसलं होतं का कुणी त्याच्याजवळ?”

भाविका हसली. मला हसू आलं नाही. शेवटच्या वर्षी हे त्या एका पानाशीच बसत. ‘अजून ते आलं नाही, हिरकणी.’ मी म्हणे, ‘दुकानदार पहिलंच मागतात की.’ ‘मागू देत. ते पान हे नव्हे.’

“तू काय लिहिणार?” मी विचारलं.

“दोन्ही बाजू. मार्क तसेच मिळतात.”

“बाजू कसल्या? लिही, पान तेच होतं. आपल्याला ते पुरतं दिसलंच नव्हतं, हे त्याला म्हातारपणी कळलं.”

देवेशने चकचकीत डाय उचलला. “हा ठेव, शोकेसमध्ये शोभेल. तो दुसरा बिघडलेला आहे.”

“बिघडवायला तुझा बाप काय शिकाऊ होता? चकचकीत घाल गोणीत.”

त्याने तो उलटसुलट करून पाहिला. मग घातला.

भंगारवाल्याचा टेम्पो गेला. संध्याकाळच्या गाडीने भाविका हॉस्टेलला गेली. देवेश मशीन आणायला वापीला.

मी एकटीपुरतं तांदळाचं पीठ मळलं. डाय गरम पाण्याने धुतला, पुसला आणि थापलेल्या भाकरीवर दाबला. पान उठलं, बिनशिरांचं, कोरं. तव्यावर भाकरी फुगली तसं ते पुसट होत गेलं.

मी दुसरा गोळा घेतला.