वास्तव्य : निरंक

"हे अक्षर कुणाचं?" विश्वजीत साहेबांनी फाईल पुढे धरली.

"माजंच, सायेब," वनरक्षक बळीराम म्हणाला. "झ्याक हाय ना?"

झ्याकच होतं. पळस्प्याजवळच्या टेकडीसाठी 'वन्यप्राण्यांचे वास्तव्य' या रकान्यात बळीरामने तीस वर्षं, दर महिन्याला, एकच शब्द लिहिला होता : निरंक. नोकरीच्या सुरुवातीला एकदा त्याने खरं लिहून पाहिलं होतं, 'ससा, एक'. वरून खुलासा मागवला गेला : ससा नर की मादी, आणि कोणाच्या परवानगीने राहतो? तेव्हापासून टेकडी कागदावर ओस पडली.

आता त्याच कागदांच्या जोरावर ती सपाट होणार होती. पायथ्याशी जेसीबी येऊन उभा होता. बळीरामच्या निवृत्तीला अकरा दिवस उरले होते आणि साहेबांना फक्त एक शेवटचं निरंक हवं होतं.

बळीराम त्यांना करवंदीच्या जाळीमागे घेऊन गेला. बिळाच्या तोंडाशी कुरतडलेली हाडं आणि दोन काळे-पांढरे काटे पडले होते.

"साळिंदर. जोडपं हाय, दोन पिल्लं हायत. दिवसा झोपतात. बिळाला तोंडं तीन. एकातून कुनी आला का दुसऱ्यातून पसार. पन तुमचं मशीन तिन्ही तोंडांवर एकदम बसंल."

"कुणीतरी मटण खाऊन हाडं टाकली असतील, काका."

"मटन खानारा हाडं टाकतो, सायेब. कुरतडत बसत नाय. साळिंदर दात घासाया कुरतडतं."

"पण तुम्हीच तीस वर्षं लिहिलंय ना!"

"खोटं लिवलं. आता खरं लिवतो."

"चौकशी लागेल. पेन्शन अडकेल. निरोप समारंभसुद्धा व्हायचा नाही."

"चला, भाषनं तरी वाचली."

गुडघ्यावर कागद ठेवून त्याने लिहिलं आणि सही ठोकली.

चौकशी लागली, पेन्शन अडकली. मात्र चौकशीतली जागा चौकशी संपेस्तोवर जशीच्या तशी ठेवावी लागते, एवढं बळीरामला नोकरीने शिकवलं होतं. जेसीबी गेला.

सात महिन्यांनी साहेब स्वतः घरी आले.

"काका, 'साळिंदर निघून गेले' एवढंच लिहा. प्रकरण मिटवू. पुढच्या महिन्यापासून पेन्शन चालू."

बळीरामने त्यांना चहा पाजला आणि कागद घेतला. 'आता आठवते की, मोहाच्या ढोलीत उदमांजर राहते. तेही लिहायचे राहिले होते. चौकशी व्हावी.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "अजून किती आहेत?"

"कपारीत घोरपड हाय. वारुळाखाली मुंगूस हाय. घाई नाय, सायेब. येकेक करून आठवंल."

"आनि घरातल्या मान्सांचं वास्तव्य कंदी लिवनार?" आतून बायको ओरडली.

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्याच कागदावर 'अर्ज पोचला' म्हणून सही केली.

बळीराम त्यांना सोडायला नाक्यापर्यंत गेला. अंगात खाकी शर्टच होता. छातीवर, बिल्ला काढून घेतलेल्या जागी, टाचणीची दोन भोकं होती. तो ताठ चालत होता.