अधिक दोनवर राहिलेला कॅमेरा

प्रितमने डिजिटल कॅमेरा घेतला आणि तो जमिनीपासून दोन बोटं वर चालू लागला. "ऑटोवर काय, कुणीही काढतं," असं तो नवीन पनवेलच्या मित्रांना ऐकवायचा.

चुलतबहीण स्नेहलच्या लग्नाला गावी जाताना तो मिठागरावर थांबला. एवढं लख्ख काही असू शकतं यावर कॅमेऱ्याचा विश्वासच बसत नाही, तो मीठ राखाडी करून टाकतो. यावरचा उपाय पठ्ठ्याला ठाऊक होता. त्याने फोटो उजळ करणारं एक्स्पोजर अधिक दोनवर नेलं आणि मिठाच्या राशी पांढऱ्याशुभ्र आल्या. स्वतःवर खूश होऊन तो मांडवात पोचला, पण आकडा परत शून्यावर आणायचा राहून गेला.

मांडवात चंद्रावती मावशी लग्नाचे धवले गात होती. या धवलारणीच्या गाण्याशिवाय गावात लग्न लागत नसे. फोटोवाले मात्र नवरा-नवरीचे फोटो काढायचे आणि जेवायला पळायचे. गाणं आटोपल्यावर तिने प्रितमला हाक मारली.

"बाला, माजा एक फोटू काढ. मेल्यावर भितीला लावाला."

"असं काय बोलता मावशी! एकदम भारी काढतो."

ती अंगणात खुर्चीवर बसली, वेणीतलं फूल चाचपलं, पदर नीट केला. उन्हात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काही दिसत नव्हतं. प्रितमने पाहिलंही नाही.

घरी कॉम्प्युटरवर बघतो तर चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. काळा आलेला फोटो थोडाफार उजळता येतो, पण इतक्या जळलेल्या पांढऱ्यात काही उरतच नाही. साध्या ऑटोवर कॅमेऱ्याने ते अधिक दोन जुमानलंच नसतं. हे कळल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसरा फोटो काढणं काही अवघड नव्हतं. पण त्यासाठी 'चुकलं' म्हणावं लागलं असतं. मावशीने दोनदा निरोप धाडला आणि दोन्ही वेळा त्याने "धुवायला टाकलाय" अशी थाप मारली. दिवाळीच्या तोंडावर मावशी गेली.

बाराव्याच्या आधी तिची लेक भामा दारात उभी राहिली. हातात काचेची रिकामी फ्रेम.

"आईचा फोटू दे रं. दुसरा हाय कुठं? माजी पोर प्रांजल मोबाईलवर काढत व्हती, तर आई म्हनली, नको, माजा चांगला फोटू प्रितमकडं हाय."

कॉम्प्युटर बिघडलाय, हे शब्द प्रितमच्या ओठांवर आले होते. त्याने ते गिळले आणि फोटो उघडला. हिरवं लुगडं, वेणीतलं फूल आणि मधे पांढरं.

भामा वाकून बघत राहिली. मग तिने पदराचं टोक घेतलं आणि स्क्रीन पुसला. पुन्हा पुसला.

"ताई," प्रितम म्हणाला, "ते पुसून जाणार नाय."