काटा खाली येईना

"काट्यावर रागवायचं नाही, बाई. तारेच्या मागे जायचं."

शाळेच्या प्रयोगशाळेत तिने साहाय्यक म्हणून एकतीस वर्षं काढली. पहिल्याच आठवड्यात सरांनी सांगितलेलं हे वाक्य आज गाडीत मागे गुडघे टेकताना तिला आठवलं. तेव्हा समोर मुलांनी बिघडवलेला मीटर होता. आता तिची स्वतःची बावीस वर्षांची गाडी होती, आणि अकरा वाजता मुलगा ती भंगारात द्यायला नेणार होता.

गेल्या गुरुवारी टाकी पूर्ण भरल्याचं दाखवत दाखवत गाडी चढावर बंद पडली. टाकीत थेंब नव्हता. शेजारी नणंद, दर गुरुवारसारखी नवऱ्याची दाढी करायला निघालेली. दोघी दीड तास उन्हात उभ्या. वर वृद्धाश्रमात नणंदेचे यजमान तसेच वाढलेल्या दाढीने बसून राहिले. त्यांना आता बायकोचं नावही आठवत नाही, पण गालाला हात लावू देतात तो तिलाच. दुसरं कुणी दाढीचं सामान घेऊन आलं की ओरडतात.

"वहिनी, पुढच्या गुरुवारी?" परतताना नणंदेने चाचरत विचारलं होतं.

"नेणार, वन्सं. ह्याच गाडीतून."

मेकॅनिकने टाकीतला, पेट्रोलची पातळी मोजणारा फ्लोट बदलून पाहिला. काटा पूर्णवरच. "मीटर गेलाय, मावशी. ह्या मॉडेलचा आता मिळत नाही," तो म्हणाला. मग मुलाला बाजूला घेऊन पुटपुटला, "आजींना आता चालवायला देऊच नका." तोंडावर मावशी, पाठीमागे आजी. तिला दोन्ही ऐकू आलं होतं.

मुलगा साडेदहालाच आला.

"अगं आई, काय मांडलंयस हे? सीट कुणी काढली?"

"मी. ती तिकडे भिंतीला टेकव."

"भंगारवाला वाट बघतोय."

"बघू दे. पुढे बस आणि चावी फिरव. इंजिन चालू करू नकोस. काटा कुठेय?"

"पूर्णवर. आणखी कुठे असणार?"

"टाकीवरची तार काढून ठेवलीये मी. मिनिटभर थांबून सांग."

तो थांबला. "पूर्णवरच."

"टाकीशी संबंधच उरला नाही, तरी टाकी भरलीये म्हणतोय. मग हे त्याला सांगतंय कोण?"

मुलाने मीटरच्या काचेवर बोटाने टकटक केलं. काटा हलला नाही.

"सकाळी मीटरच्या मागची तार काढली, तर मुकाट्याने खाली आला. ती पुन्हा जोडली, की लगेच वर. म्हणजे मीटर धडधाकट आहे. मधे कुठेतरी ही तार सोलवटून पत्र्याला टेकलीये."

"तुला मेकॅनिकपेक्षा जास्त कळतं का?"

"सगळं नाही. एवढं कळतं."

तिने गालिचा उचलला आणि तारेवरून बोट फिरवत निघाली. घाई केली नाही. मागच्या दाराशी, स्पीकरच्या खाली बोट थांबलं. एक नवा, लांब स्क्रू तारेच्या पोटातून आरपार जाऊन पत्र्यात घुसला होता.

मुलगा मागे वळून वाकला. ते स्पीकर त्यानेच महिन्यापूर्वी तिच्या वाढदिवसाला, घरच्या घरी बसवले होते.

"हा तर मी..."

"पुढे बघ. काट्याकडे." तिने स्क्रू उलटा फिरवून बाहेर काढला.

"आला," तो हळूच म्हणाला. "पार खाली आला." मग स्पीकरकडे बघत, "म्हणजे त्या दिवशी चढावर तुम्ही माझ्यामुळे..."

"उन्हात उभ्या राहिलो, विरघळलो नाही. ती काळी टेप दे."

टेप गुंडाळून तिने तार स्क्रूच्या भोकापासून लांब सरकवली. टाकीवरचं टोक जोडलं. काटा सावकाश उठला आणि जेमतेम पाववर थांबला. परवा मेकॅनिकने पाच लिटरच घातलं होतं.

"तरीपण आई, तुझं वय... मी नेत जाईन ना आत्याला. रविवारी."

"गुरुवारी. म्हणजे आजच. आठवड्यावर गेलं की दाढी खाजते त्यांना, मग रक्त निघेपर्यंत ओरबाडतात."

"आणि पुन्हा बंद पडली तर?"

"तर पुन्हा शोधीन." तिने सीट ओढून आणली. "काटा चुकला आणि तुम्ही दोघांनी म्हातारी मला ठरवलंत. एकदाही विचारलं नाहीत, तुला काय वाटतं म्हणून. धर त्या बाजूने."

सीट दोघांनी मिळून बसवली. मुलाने खिशातून फोन काढला, भंगारवाल्याचा नंबर काढला आणि नुसताच बघत राहिला.

तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. धुवायला आत गेलं तर हा पुन्हा बोलायला लागेल, हे तिला ठाऊक होतं. फडक्याला पुसले तेवढे पुसले आणि ती स्टिअरिंगशी बसली. मुलगा गाडीच्या मागे, फाटकाच्या मधोमध उभा होता. तिने हॉर्न वाजवला नाही. आरशात त्याच्याकडे पाहत राहिली.

शेवटी तो बाजूला झाला. फाटकाचं दुसरं दार ओढून त्याने सताड उघडलं.

"आधी पेट्रोल भर," तो म्हणाला.

"तेच करणार आहे."

तिने गाडी हळूहळू मागे घेतली, रस्त्यावर आल्यावर सरळ केली, आणि नणंदेच्या घराच्या दिशेला वळवली.