बायजाबाईचा पाळणा आणि तापलेला डबा

आमच्या टेमघरच्या बायजाबाईच्या घरातला कम्प्युटर बरोब्बर तिसऱ्या कडव्याला मरायचा. कडवं पाळण्याचं. तिची लेक विनिता मस्कतला, बाळंतपणही तिकडंच झालं. नातीचं बारसं रविवारी अकराला आणि पाळणा आजीनं इथून, पडद्यासमोर बसून म्हणायचा, असं ठरलेलं. पण दोन रविवार तालीम झाली आणि दोन्ही वेळा तिसऱ्या कडव्याला पडदा काळा!

"माझा गला येवडा वंगाल हाय काय रं, सावळाराम भाऊ?"

"वहिनी, तुमचं गाणं ऐकून कोन गावातल्या कारखान्यात अठ्ठेचाळीस लूम एका तालात चालले होते," मी म्हणालो. मी तिचा शेजारी; चाळीस वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त केलेत. मशीनबद्दल थापा मारायचा हक्क मी कमावलाय. पण ती हसली नाही. पदरानं डोळे पुसू लागली, तेव्हा मी गुमान नागसेनला फोन लावला.

नागसेन दुरुस्तीवाला. बारशादिवशी सकाळी नऊला आला. प्लग बदलला, व्होल्टेज मोजलं, रॅम काढून पुसून बसवली. "आता म्हणा, मावशी."

तिसरं कडवं. पडदा काळा.

त्यानं कम्प्युटरच्या डब्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला. "हा तर तापानं फणफणलाय! ह्याच्यावर हे काय घातलंय?"

चहूबाजूंनी नीट खोचलेलं, निळ्या ठिपक्यांचं दुपटं. मी रोज बघत होतो. मला वाटलं, कव्हर असेल.

"बालाचं हाय," बायजाबाई हळूच म्हणाली. "मस्कतला नेनारं कोन न्हाय. पोर ह्या डब्यातनं दिसते, म्हनून ह्यालाच पांघरलं."

नागसेननं ते दुपटं अलगद सोडवलं. दुपट्याची घडी करून तिच्या मांडीवर ठेवली. "टाके मस्त घातलेत, मावशी."

मग डबा उघडला. आतला पंखा शेजारच्या लूमवरून उडणाऱ्या कापसाच्या तुसानं जाम. इतकं तूस निघालं की दोन उशा भरल्या. बरं, मूठभर निघालं. पण पंखा काही फिरेना.

"पंखा गेला. फार तापलं की हा डबा जळू नये म्हणून आपणच बंद पडतो; तिसऱ्या कडव्यापर्यंत तेवढा तापतो. नवीन पंखा कल्याणला मिळेल, पण दुकान उद्या उघडणार."

"आनि बारसं?" बायजाबाईचा चेहरा पडला.

नागसेननं उघड्या डब्यासमोर टेबलफॅन लावला. अकराला व्हिडिओ कॉल लागला. डबा गार, पण मस्कतहून विनिता ओरडली, "आये, नुसतं घों घों येतंय! तू गातेस का लूम चालवतेस?"

टेबलफॅन बंद केला. मी हातपंखा घेऊन डब्याजवळ बसलो.

"काका, थांबायचं नाही हं," नागसेन म्हणाला.

बायजाबाईनं सुरुवात केली. तिसऱ्या कडव्याला ती आपोआप थबकली. पडदा उजळच.

"म्हण ना, आये."

चौथं झालं. पाचव्याला तिकडं बाळ झोपलं, विनिता रडायला लागली, आणि माझा खांदा निखळून खाली पडला. तो मी डाव्या हातानं उचलून परत बसवला.

पाळणा संपला. नातीचं नाव उन्नती ठेवलं.

"झालं, काका. ठेवा आता पंखा," नागसेन कुजबुजला.

"गप रे."

बायजाबाई पडद्याला नाक लावून नातीची झोप बघत होती. मी हात बदलला.