किंगासाठी मिस्सा

"हे घ्या, परत आलं," म्हणत रादेकनं हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सुपाची बरणी सासूच्या हातात दिली. बरणी अजून कोमट होती.

"आजही नाही घेतलं तिनं?"

"घेऊ देतात कुठं? सकाळी सांगतात, उपाशी राहा, कदाचित आत न्यावं लागेल. दुपारी सांगतात, आज नको, उद्या बघू. तोवर तिची भूक मेलेली असते."

उर्शुलानं बरणी टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवली. उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढण्यात गेलेली ही बाई. कोंबडीच्या सुपानं कुठलंही दुखणं निदान निम्मं तरी हटतं, यावर तिचा बायबलाइतकाच विश्वास. नवरा गेला त्या दिवशीही तिनं आधी पातेलं चढवलं आणि मग रडायला बसली. पण हे दुखणं सुपाला दाद देणारं नव्हतं, आणि आता तिलाही ते कळू लागलं होतं.

किंगा तिची एकुलती एक लेक. पाचवा महिना चालू होता. शुक्रवारी भांडी विसळता विसळता तिची पाणमोट फुटली. डॉक्टरांनी तपासून त्याच दिवशी सांगितलं, की पाणी उरलेलंच नाही, हे मूल काही जगायचं नाही. आणि मग म्हणाले, "पण ठोके चालू आहेत." माणसाला जे ऐकायचं असतं तेच कानात शिरतं. उर्शुलाच्या कानात तेवढं दुसरंच वाक्य शिरलं.

"ठोके आहेत ना? मग झालं तर!" ती म्हणाली आणि तडक चर्चला गेली.

त्यांच्या गावात मिस्सा, म्हणजे कुणाच्या तरी नावानं चर्चमधली उपासना, सांगायची तर काही महिने आधी सांगावी लागते, इतके लोकांचे मेलेले आणि आजारी. सगळे दिवस भरलेले होते. तेव्हा शेजारची लेओकादिया पुढं झाली. सोमवारची संध्याकाळ तिनं आपल्या नवऱ्याच्या वर्षश्राद्धासाठी धरून ठेवली होती, ती तिनं देऊन टाकली. "माझा म्हातारा मेलेलाच आहे, तो काय, थांबेल," ती म्हणाली. "बाळाला घाई आहे." रविवारी फादर रोमुआल्द यांनी सगळ्यांना सांगितलं, की उद्याची मिस्सा किंगासाठी आणि तिच्या बाळाचं हृदय धडधडत राहावं म्हणून. आख्ख्या गल्लीनं यायचं कबूल केलं.

आज तोच सोमवार होता.

खोलीत किंगा भिंतीकडं तोंड करून पडली होती. आईची चाहूल लागताच ती वळली आणि तिनं हसायचा प्रयत्न केला.

"तुझ्या बरणीला एव्हाना या वॉर्डाची वाट पाठ झाली असेल, आई. उद्यापासून तिला एकटीलाच पाठव."

"चेष्टा पुरे. हात बघू." उर्शुलानं तिचा हात हातात घेतला आणि दचकली. हात तव्यासारखा तापला होता आणि तरी पोरगी कुडकुडत होती. "अगं, अंगात ताप आहे तुझ्या!"

"सकाळपासून आहे. सांगितलंय त्यांना. लिहून घेतात."

तेवढ्यात नर्स आली. किंगाच्या पोटावर तिनं ते छोटं यंत्र टेकवलं आणि खोलीभर टपटप टपटप आवाज झाला. शुक्रवारी हाच आवाज ऐकून उर्शुलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं होतं. आज नर्सनं आवाज बारीक केला.

"आहे अजून?" किंगानं विचारलं.

"आहे," नर्स म्हणाली. तिनं कुणाकडं पाहिलं नाही, पोटावरचं जेल पुसलं आणि निघून गेली.

"कळलं तुला?" किंगा म्हणाली. "ते थांबेपर्यंत हे लोक मला हात लावणार नाहीत. मी इथं पडून माझ्याच पोराच्या मरणाची वाट बघतेय, आई. मला ते हवं होतं गं. त्याच्यासाठी मी मोजे विणत होते. आणि आता दरवेळी ती यंत्र टेकवते, तेव्हा मी मनात म्हणते, थांब रे बाळा, थांब आता."

लेकीच्या अंगावर पांघरूण ओढून उर्शुला बाहेर पडली आणि डॉक्टर मारेत्स्कींच्या दारावर धडकली.

हा मारेत्स्की गावातलाच. शाळेत असताना तिच्याच हातचं जेवून मोठा झालेला.

"पोरगी तापानं फणफणलीय," ती म्हणाली. "मूल जगणार नाही असं तूच म्हणालास. मग कशाची वाट बघतोयस?"

"उर्शुलाबाई, बसा ना."

"मी बसायला आले नाही."

"आम्ही औषधं देतोय. रक्त तपासतोय." डॉक्टर टेबलावरचं पेन सरळ करत होते. "कायदा म्हणतो, आईच्या जिवाला धोका असेल तरच गर्भ काढा. पण धोका किती वाढला म्हणजे धोका, हे कायदा सांगत नाही. ते नंतर सरकारी वकील ठरवतो. ठोके चालू असताना मी हात घातला आणि कुणी विचारलं, की बाई तर चांगली बोलत होती, मग काय उत्तर देऊ? मला तुरुंगात टाकतील."

"मग शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठव."

"रादेकनं फोन केले, मीही केले. ते म्हणतात, जागा नाही. कुणाला हवीय ही केस?"

"गाजर आवडत नसलं की तू ते ताटाखाली लपवायचास," ती म्हणाली. "तेव्हाही असाच खाली बघायचास."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "उद्या सकाळी परत बघू," ते म्हणाले.

हॉस्पिटलातून ती निघाली ती थेट फादरांच्या घरी. बसमध्ये बसल्या बसल्या तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तिला भीती वाटली. आपण देवाकडं काय मागून बसलो? ते हृदय धडधडत राहावं. म्हणजे तोवर किंगाला कुणी शिवू नये. संध्याकाळी सगळं गाव गुडघे टेकून तेच मागणार होतं.

फादर रोमुआल्द चहा पीत होते. भला माणूस. त्यांनी तिच्यासाठीही ग्लास पुढं केला.

"मिस्सा बदलायचीय, फादर."

"बदलायची? कुणाच्या नावानं?"

"नाव तेच. किंगाचंच. फक्त... बाळाच्या ठोक्यांचं म्हणू नका."

"का हो?"

काय सांगणार? जे मनात होतं ते तोंडातून काढायची तिची छाती नव्हती. ज्या तोंडानं आयुष्यभर प्रभूचं नाव घेतलं, त्या तोंडानं नातवाचा जीव थांबू दे म्हणायचं? अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात, तशी तिची गत झाली.

"पोरीला फार ताप आहे," एवढंच ती म्हणाली.

फादरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुम्ही आशा सोडायची नाही, उर्शुलाबाई. तुम्हीच सोडलीत तर मग झालं. आम्ही आहोत ना सगळे."

संध्याकाळी चर्च खच्चून भरलं. लेओकादियानं कुणाला घरी बसू दिलं नव्हतं. फादर बोलायला लागले आणि निव्वळ चांगुलपणापोटी त्यांचा आवाज चढला. "किंगाच्या आरोग्यासाठी. आणि तिच्या उदरातल्या त्या चिमुकल्या हृदयासाठी, ते धडधडत राहावं म्हणून."

"प्रभू, आमची विनवणी ऐक," सगळे एका आवाजात म्हणाले.

लेओकादियानं उर्शुलाला कोपरानं ढोसलं. "उला, मोठ्यानं म्हण की. तुझंच तर मागणं आहे."

उर्शुलानं ओठ घट्ट मिटून घेतले होते. पण तिच्या एकटीच्या गप्प राहण्यानं काय होणार? आवाज घुमटापर्यंत गेला.

मंगळवारी दिवसभर ठोके चालू राहिले. सगळे म्हणाले, चमत्कार झाला. बुधवारी सकाळी ते थांबले, आणि इतके दिवस ज्यांचे पाय उचलत नव्हते ते सगळे धावले. किंगाला आत नेलं तेव्हा ती आईला ओळखत नव्हती. विष अंगभर पसरलं होतं. शुक्रवार उजाडला तेव्हा रादेक कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसला होता आणि उर्शुलाच्या पिशवीतली बरणी कुणी उघडलीच नव्हती.

किंगाच्या दफनानंतरचं जेवण अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये होतं. उर्शुलानं कुणाला पातेल्याजवळ येऊ दिलं नाही. स्वतः रांधलं, स्वतः वाढत होती. लोक ताटली पुढं करत, काहीतरी पुटपुटत आणि नजर चुकवून पुढं सरकत.

लेओकादियाची पाळी आली. तिचे डोळे रडून रडून सुजले होते.

"माझ्या म्हाताऱ्याची मिस्सा दिली गं मी," ती म्हणाली. "सगळं गाव गुडघ्यावर होतं. एवढं मागितलं आणि देवानं ऐकलं नाही, उला. ऐकलंच नाही."

उर्शुलानं डाव घालून तळापासून सूप ढवळलं.

"ऐकलं, लेओकादिया," ती म्हणाली. "जे मागितलं तेच दिलं त्यानं."

आणि तिच्या ताटलीत आधी शेवया घातल्या, मग त्यावर सूप ओतलं.