खंडेनवमीनंतरचा काटा

सुज्ञ वाचकहो, एका वजनकाट्याने अचानक अगम्य भाषा धारण केली, त्यापायी एका मुलीचे काम कसे संकटात सापडले आणि त्यास कारणीभूत कोण होते, हे मी येथे सत्यास स्मरून निवेदन करीत आहे.

सन २००३. राहू गावातील आमच्या दूध डेअरीत नवा इलेक्ट्रॉनिक काटा आणि त्यास वायरने जोडलेला कॉम्प्युटर आला. काट्यावर किटली ठेवताच वजन आपोआप पडद्यावर उमटे. त्यावर ऑपरेटर म्हणून आमच्याच गावच्या शंभू यांची कन्या अंकिता नेमली गेली. तिचे ते पहिलेच काम. किटल्या ठेवणे व उचलणे, हे कार्य माझे.

खंडेनवमीच्या दुपारी रिवाजाप्रमाणे मी काटा स्वच्छ केला, त्यास हार घातला. त्याच सायंकाळी पडद्यावर आकड्यांऐवजी चौकोन, उलटी प्रश्नचिन्हे व विचित्र अक्षरे प्रकट झाली. काट्याच्या स्वतःच्या लाल आकड्यांत मात्र वजन अचूक होते.

दसऱ्याच्या सकाळीही तेच. दूध घालायला आलेल्या गीताबाई किटली माझ्या हाती देऊन म्हणाल्या, “अगं अंकिते, माझी म्हस शेपटानं लिवील, ते ह्याच्यापरीस बरं!”

रांगेत हशा पिकला. चेअरमन हौसराव आप्पा मात्र हसले नाहीत.

“सांजच्या दुधाला आकडं न्हाई आलं, तर कॉम्प्युटर माघारी. आन् पोरी, मंग तुझंबी काम न्हाई.”

अंकिता दुपारी घरी गेली नाही. तिने वायर बदलली, पिना पुसल्या, सर्व व्यर्थ. मग एकच भरलेली किटली तिने माझ्याकडून दहा वेळा ठेववली व दर वेळची चिन्हे वहीत उतरवली.

“सुभानमामा, बघा. दर बारीला तीच चिन्हं. वायर ढिली असती, तर कवा हे, कवा ते आलं असतं. काटा बरोबरच सांगतोय, पर त्याचा सांगायचा वेग बदललाय. कॉम्प्युटर जुन्याच वेगानं ऐकतोय.”

“वेग आपसूक बदलतो व्हय?”

“न्हाई. कुणीतरी हात लावल्याबिगर न्हाई.”

मला खंडेनवमीची दुपार आठवली. पूजेच्या भक्तिभावात मी काट्याच्या पाठीवरील झाकण काढून, दात घासण्याच्या ब्रशने आतील धूळही झाडली होती! सांगावे, तर पंधरा वर्षांची माझी नोकरी जाईल. न सांगावे, तर तिची.

“पोरी, मागचं झाकण म्या उघडलं व्हतं.”

“मंग आधी का न्हाई सांगितलं, मामा!” एवढेच ती बोलली. काटा बंद करून तिने झाकण काढले, शेजारी माहितीपुस्तक उघडले. आत वेग ठरवणारी, तांदळाएवढी चार पांढरी बटणे होती. चित्रातील तिसरे खाली, आमचे ब्रशच्या धक्क्याने वर. तिने केसांतील पिनेने ते खाली ढकलले व काटा पुन्हा चालू केला. मी किटली ठेवली.

पडद्यावर स्वच्छ उमटले: १२.४००.

“उचला मामा, परत ठेवा.”

पुन्हा १२.४००. ती हसली, आणि मीही.

सायंकाळी साऱ्या रांगेसमक्ष मी आप्पांना माझी चूक सांगितली. आप्पांनी काट्याकडे बोट दाखवले.

“पुढल्या खंडेनवमीला हार घाल, नारळ फोड. पर त्याच्या पाठीला हात लावलास, तर तुलाच काट्यावर बसवीन!”

नंतर खिशातून आपट्याची पाने काढून त्यांनी अंकितेच्या हाती दिली. “घे पोरी, सोनं. उद्या सकाळी येळंवर ये.”

हे निवेदन आपण शांतपणे वाचलेत, याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
सुभान तांबोळी
मु. पो. राहू, ता. दौंड