रखमाजी आणि दोन काळ्या पट्ट्या

मित्रा, तू नुसतं ऐक. मध्ये बोलू नको, नाहीतर मी कुठं होतो तेच मला सापडत नाही आणि परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

मी एक जुना टीव्ही आहे. जुना म्हणजे लई नाही, पाच-सहा वर्षांचा. पण आता दुकानात माझ्यापेक्षा चपटे, माझ्यापेक्षा शहाणे टीव्ही आलेत, म्हणून मी जुना. अवसरी बुद्रुकला सुदर्शनच्या घरात बाहेरच्या खोलीत भिंतीवर असतो. कारखान्यातलं मला काही आठवत नाही. थर्माकोलचा वास तेवढा आठवतो, मग टेम्पोतला अंधार, आणि मग एकदम मंचरच्या दुकानातला झगझगाट. तिथं माझ्यावर दिवसभर एकच समुद्र चालू असायचा, निळाशार, त्यात मासे. मला वाटायचं, झालं, एवढंच असतंय जग.

मग कांदा निघाल्यावर सुदर्शन आला आणि मला मोटरसायकलवरून घरी घेऊन गेला. मागं त्याची बायको वृषाली मला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलेली. खड्डा आला की ती मला आणखी घट्ट धरायची. एवढं प्रेम माझ्यावर पुन्हा कुणी केलं नाही, खरं सांगतो.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. कुणीतरी जुना पिक्चर लावला. आता जुन्या काळचं चित्र जवळजवळ चौकोनी असतं, आणि मी हा असा आडवा, पसरट. चौकोनी चित्र माझ्यात ठेवलं की दोन्ही बाजूंना जागा उरते. तिथं मी काही दाखवत नाही, गप्प बसतो. त्यालाच लोक काळ्या पट्ट्या म्हणतात. काही पिक्चर तर माझ्याहूनही आडवे असतात, तेव्हा पट्ट्या वर आणि खाली येतात. मोबाइल उभा धरून काढलेला व्हिडिओ लावला की चित्र पट्टीएवढं आणि बाकी सगळं काळं. त्यात बिघाड काही नाही रे. ज्याचं जसं माप, तसं मी दाखवतो.

पण शेजारचा जानकू दारात टेकून उभा होता. तो म्हणाला, "सुदर्शनभाऊ, एवढा मोठा टीव्ही आणला आन् चित्र आमच्या जुन्या डब्याएवढंच? कडंचं काय दुकानदारानं ठिवून घेतलं का?"

सगळी हसली. सुदर्शन लाल झाला. त्यानं रिमोट घेतला, एकेक बटण दाबत गेला, आणि एका बटणाला माझं चित्र दोन्हीकडून धरून ताणल्यासारखं पडदाभर पसरलं. पट्ट्या गेल्या. तेव्हापासून ते तसंच राहिलं. जुन्या पिक्चरातल्या बारीक नट्या माझ्यावर येऊन सुजायच्या, चंद्र अंड्यासारखा दिसायचा, पण कुणाला काही वाटलं नाही. डोळ्यांना सवय होते.

आता खरी गोष्ट. सुदर्शनचे वडील, रखमाजी, सुदर्शन रांगत होता तेव्हाच गेले. घरात त्यांचा फोटो म्हणजे घोळक्यातला एक, त्यात चेहरा नखाएवढा. पण पेटीत एक कॅसेट होती. कधीकाळी जत्रेत त्यांचा बैलगाडा पळाला होता, त्याची शूटिंगवाल्यानं काढलेली. ती लावायचं मशीन घरात कधी आलंच नाही. तर यंदा सुदर्शननं ती आळेफाट्याला नेली आणि एका स्टुडिओवाल्याकडून पेनड्राइव्हवर करून आणली. टेपला बुरशी लागलेली, निम्मं गेलं होतं. जे राहिलं ते थोडंच, पण काय राहिलं होतं! घाटाच्या, म्हणजे गाडे पळवायच्या चढाच्या, खालच्या अंगाला गाडा जुंपलाय, भंडारा उडतोय, आणि रखमाजी एक हात चाकावर ठेवून बाजूला उभे आहेत. कॅमेऱ्याकडं बघून काहीतरी बोलतात, स्पीकरच्या गोंगाटात ऐकू येत नाही. मग बारी सुटते, गाडा धावत निघतो.

सुदर्शन माझ्यासमोर उभाच राहिला. बापाला पहिल्यांदा हलताना बघत होता तो. "केवढा आडवा गडी व्हता गं माझा बाप," वृषालीला म्हणाला, "पैलवानच की."

आतून त्याची आई आली, कुशाबाई. हाताला भाकरीचं पीठ. तिनं पाहिलं. पुढं आली, आणखी पाहिलं. मग म्हणाली, "ह्ये कोण?"



"आई, आबा हायेत," सुदर्शन म्हणाला.

"न्हाईत," ती म्हणाली. "ह्ये त्ये न्हाईत." आणि भाकरी करपते म्हणून आत गेली.

मित्रा, त्या क्षणी मला काय झालं काय सांगू! मला ठाऊक होतं. घरात एकट्या मलाच ठाऊक होतं, की तो माणूस मी ताणलाय. पण मी कसं बोलणार? ज्यांचे बोल माझ्यात येतात ते सगळे दुसऱ्यांचे. माझा स्वतःचा आवाज म्हणजे चालू होतानाचा टुणकन.

नंतर तिला कितीदा समजावलं. बैल ओळखीचे का? हो म्हणाली, पण ह्यात लईच दणकट दिसतायत म्हणाली. घाट? ओळखला. माणूस? मान हलवायची. गेल्या महिन्यात ती दूध गॅसवर ठेवून विसरली होती, तेवढं एक सुदर्शनच्या डोक्यात बसलं. आईचं डोकं कामातून चाललं, असं तो वृषालीला हळूच म्हणाला, मंचरच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं. कुशाबाई शेजारच्या खोलीत होती. तिला ऐकू येत होतं.

आणि जत्रा तोंडावर. मधली कित्येक वर्षं शर्यती बंद होत्या, आता सुरू झालेल्या, आणि वडिलांनंतर पहिल्यांदा ह्या घराचा गाडा घाटात उतरणार होता. सुदर्शननं माझ्यावरच्या चित्राचा मोबाइलनं फोटो काढला आणि मोठा बॅनर छापायला टाकला. कैलासवासी रखमाजी यांच्या स्मरणार्थ. तो बॅनर आला, अंगणात उलगडला. फेटा, भंडारा, आणि दारात मावणार नाही एवढे खांदे.

कुशाबाईनं तो पाहिला आणि सुदर्शनला म्हणाली, "दुसऱ्याच्या माणसाखाली माझे बैल पळायचे न्हाईत. ह्यो घाटात लागला तर मी बैलं ओवाळायची न्हाई."

घरच्या बाईनं ओवाळल्याशिवाय बैल घाटात न्यायचे नाहीत, ही ह्या घराची रीत. सुदर्शन चिडला, मग घाबरला. आई बापालाच विसरली, ह्यापेक्षा वाईट काय असतं?

जत्रेच्या आदल्या सकाळी तो तिला दवाखान्यात न्यायला निघाला. गाडीची किल्ली हातात. कुशाबाई नवं लुगडं नेसून खुर्चीत बसली होती. वृषालीला राहवलं नाही. "आत्या, एकदाच बघा," म्हणून तिनं मला चालू केलं आणि रखमाजी चाकावर हात ठेवतात तिथं थांबवलं.

कुशाबाई बघत राहिली. माणसाकडं नाही. खाली.

"वृषाली," ती म्हणाली, "त्ये चाक बघ."

"काय झालं चाकाला?"

"असलं चाक आसतंय व्हय? असल्या चाकाचा गाडा दोन उड्या मारंल आन् बैलांच्या पायात यील. त्यांनी असलं चाक दारात उभं केलं नसतं."

वृषाली उठली. माझ्या काचेवर तिनं वीत टेकवली. चाक उभं एक वीत. मग आडवी टेकवली, तर वीतभर आणि वर चार बोटं. तिचा हात गार होता आणि मला वाटत होतं, दाब, बाई, दाब ते बटण, रिमोट तुझ्या मागंच आहे!

तिनं शोधून दाबलं. मी दोन्ही कडा आत ओढल्या. किती दिवसांनी अंग आखडून बसल्यासारखं वाटलं. पट्ट्या आल्या, चाक वाटोळं झालं, आणि चाकाशेजारी एक काटकुळा माणूस उभा राहिला. मान बारीक, गळ्याची हाडं वर आलेली, सदरा खुंटीला टांगल्यासारखा. हसत होता.

कुशाबाई उठली नाही, रडली नाही. नुसता पदर सारखा केला, घरात कुणी मोठं आल्यावर करतात तसा. "हां," म्हणाली. "जेवा म्हटलं की बैलांकडं जायचे. अंगाला लागंल कुठनं?"

सुदर्शन दारातच होता. "एवढे बारीक?" असं तो म्हणाला, पण ते कुणाला विचारलं नव्हतं. त्याचा पैलवान बाप माझ्यासमोरच निम्म्यावर आला होता, मित्रा.

मग कुशाबाई त्याला म्हणाली, "चल की. डॉक्टर वाट बघत आसंल."

त्यानं किल्ली खुंटीला अडकवली.

त्याच दुपारी त्यानं माझा परत फोटो काढला, पट्ट्यांसकट. बॅनरवाला म्हणाला म्हणे, कडंला काळं दिसतंय, ताणून भरून देतो. सुदर्शन म्हणाला, ताणायचं नाही, राहू दे काळं. जत्रेच्या सकाळी कुशाबाईनं बैल ओवाळले. घाटातलं मला वृषालीच्या बोलण्यातून कळलं. बारी बरी झाली, नंबर काही आला नाही. जानकू बॅनर बघून आलाच विचारायला, की मधेच माणूस आन् दोन्ही कडंला काळं, छापायचं ऱ्हायलं का राव?

"न्हाई," सुदर्शन म्हणाला. "तेवढाच व्हता माझा बाप."

बॅनरची एक दोरी सैल झाली होती, ती जानकूनं ओढून बांधली.

इथं संपलं असतं तर मी तुला एवढंच सांगितलं असतं, की बाबा, आमच्यासारख्यांना जपून वापरा, कुणाचंही माप स्वतःच्या हौसेसाठी ताणू नका, आणि घरातलं म्हातारं माणूस काही सांगतंय तर आधी नीट बघा. हे मी सांगतोच आहे. पण परवा काय झालं ते ऐक.

दुपारी घरात कुणी नव्हतं. सुदर्शन एकटा आला, मला लावलं, रखमाजींना लावलं. थोडा वेळ बघितलं. मग रिमोट घेतला आणि ते बटण दाबलं. पट्ट्या गेल्या. खांदे रुंद झाले. ज्याच्या खांद्यावर बसायचं राहून गेलं, तो बाप परत आला. सुदर्शन खाली फरशीवर बसून वर बघत होता.

कुशाबाई रानातून लवकर परतली आणि दारात उभी राहिली. त्याला चाहूल लागली, तसा तो गडबडीनं रिमोट हुडकायला लागला.

"राहू दी," ती म्हणाली. त्याच्याशेजारी येऊन फरशीवरच बसली. "मीबी बघते. अंगावर जरा मांस चढलं असतं तर कसे दिसले असते, ते."

दोघं बघत बसली. चाक लंबुळकंच होतं.

बारी संपल्यावर सुदर्शननं मला भिंतीवरच्या बटणावरूनच बंद केलं. तसं बंद केलं की शेवटचं माप कधी माझ्या लक्षात राहतं, कधी राहत नाही. आता पहिल्यांदा मला कोण लावणार, आई की मुलगा, मला माहीत नाही. एकच पेनड्राइव्ह आणि एकच मी.

आता बोल. तू माझ्या जागी असतास, तर काय केलं असतंस?